मजा आली, पण…

समीक्षेत ‘मजा आली, पण…’ असं वाक्य दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याला मजा आल्याचीच धास्ती वाटली आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये एका व्हिडिओ गेमच्या वाट्याला या धाटणीची वाक्यं ठिकठिकाणी आली. गेमचं नाव ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’. करणारे कॅलिफोर्नियातले इन्सोम्नियाक गेम्स, प्रकाशक मायक्रोसॉफ्ट, कन्सोल एक्सबॉक्स वन. रंग भडक, विनोद चावट, शहर खुलं, वेग अफाट. २८ ऑक्टोबरला तो अमेरिकेत बाजारात आला. समीक्षक मनसोक्त खेळले, हसले आणि गुण देताना त्यांनी हात आखडता घेतला.

समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर आकडा पडला १०० पैकी ८१.

८१ वाईट का? मुळीच नाही. पण हल्ली दहावीला ८१ टक्के पडले की शेजारी पेढा मागायला येत नाहीत, समजूत घालायला येतात. मोठ्या गेमच्या बाजारात ८१ ची तीच गत आहे.

मेटाक्रिटिकची वर्गवारीच तशी. ९० गाठलेत तर सर्वत्र वाहवा. ७५ ते ८९ मध्ये अडकलात तर शेरा ‘साधारणपणे अनुकूल’. ज्या गेममध्ये एकही गोष्ट साधारण नाही, त्याच्या कपाळी शिक्का बसला साधारणपणाचा!

गेम आहे तरी काय, ते आधी बघू. गुणांच्या भांडणात नेमकं तेच राहून जातं.

साल २०२७. सनसेट सिटी नावाचं शहर. फिझको नावाची कंपनी ‘ओव्हरचार्ज डिलिरियम एक्सटी’ हे एनर्जी ड्रिंक बाजारात आणते. जंगी पार्टी होते. लोक पितात आणि पिणाऱ्यांचे राक्षस होतात. कंपनी शहराच्या नाड्या आवळते आणि साथ पसरल्याची थाप ठोकून देते. आता नायक कोण? त्याच पार्टीत कचरा उचलायला ठेवलेला माणूस.

माणूस किंवा बाई. सडपातळ किंवा आडदांड. कपडे हवे ते, केस हवे तसे. तुम्ही ठरवाल तो नायक, आणि वाटेल तेव्हा बदलाल तो नायक.

यात विशेष काय? विशेष हे, की त्याच वर्षी जूनमध्ये युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’चे दिग्दर्शक सांगत होते की खेळायला स्त्री पात्र द्यायचं तर अ‍ॅनिमेशनचं काम दुप्पट होतं. इन्सोम्नियाकने कारणं सांगितली नाहीत. काम केलं.

किती समीक्षकांनी याचे जादा गुण मोजले?

आता हातात कंट्रोलर घ्या. तुम्ही रस्त्यावर उभे आहात आणि चारी बाजूंनी ओडी धावून येतायत. ओडी म्हणजे ते पेय ढोसून फुगलेली, नारिंगी गळवं आलेली मंडळी. पायी पळालात तर मेलात. समोर मोटार उभी आहे. तिच्या टपावर उडी मारली की टप तुम्हाला वर फेकतो. वर दुकानाची कनात, ती आणखी वर फेकते. हवेत असतानाच विजेची तार जवळ येते. एक्सचं बटण दाबा. बूट तारेवर घासत, ठिणग्या उडवत तुम्ही सुसाट घसरू लागता.

पुन्हा तेच बटण. आता तुम्ही तारेखाली लोंबकळताय आणि वेग तसूभरही कमी झालेला नाही. मोकळ्या हातातल्या बंदुकीतून खालच्या गर्दीत एक टेडी अस्वल सोडा. अस्वलाच्या अंगाला सुरुंग बांधलेला आहे. गर्दी साफ होईपर्यंत तुम्ही पुढच्या इमारतीच्या भिंतीवरून धावताय.

दुसऱ्या बंदुकीतून ग्रामोफोनच्या तबकड्या सुटतात आणि एका राक्षसावरून दुसऱ्यावर आदळत जातात. जमिनीला पाय न लावता जितका वेळ काढाल तितका स्टाइलचा काटा चढतो. काटा चढला की ‘अ‍ॅम्प’ नावाच्या जादा शक्ती जाग्या होतात. म्हणजे नखरा करणाऱ्यालाच इथे ताकद मिळते.

आणि मेलात तर? उडती तबकडी येऊन तुम्हाला पुन्हा शहरात टाकून जाते. पुढच्या मरणाला तुम्ही शवपेटीतून बाहेर येता. प्रत्येक मरणाला नवं पुनरागमन. हरल्यावरही हसू येईल याची सोय करणारे गेम किती असतात?

या रचनेमागे एक ठाम विचार होता. २००६ मध्ये ‘गिअर्स ऑफ वॉर’ आला आणि त्यानंतर बंदुकीच्या गेमांची सवयच ठरून गेली. भिंतीआड लपा, डोकं वर काढा, गोळी झाडा, पुन्हा लपा. करड्या भिंती, करडं आभाळ, करडे चेहरे. आठ वर्षं खेळाडू भिंतीआड बसून होते.

‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ने त्यांना भिंतीवरून पळायला लावलं.

आता समीक्षक काय म्हणाले ते पाहा. हालचाल उत्तम. शस्त्रं भन्नाट. रंग डोळ्यांना सुख देणारे. आठ जणांनी मिळून खेळायचा ‘केऑस स्क्वॉड’ही रंगतदार. यावर जवळपास एकमत.

मग गुण कुठे कापले गेले? कथेवर, विनोदावर आणि त्याच त्या कामांवर.

‘त्याच त्या कामां’ची तक्रार रास्त आहे. अमुक आणून दे, तमुक फोडून ये, रात्री तळाभोवती सापळे लाव आणि राक्षसांच्या लाटा थोपव. सुरुवातीच्या तासांत तर सगळ्या हालचाली हाती आलेल्याही नसतात, त्यामुळे गेम अडखळतो. हे लिहिणं समीक्षकाचं कामच आहे. लिहिलं, बरं केलं.

पण मग हाच काटा सगळ्यांना लावा.

सप्टेंबर २०१८ मध्ये ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ प्लेस्टेशनवर आला. त्यात न्यूयॉर्कभर लटकवलेल्या ५५ बॅकपॅक गोळा करायच्या, कबुतरांमागे धावायचं, रस्त्यावरचे तेच ते गुन्हे थांबवायचे. सनसेट सिटीत तारांवर लटकणारे बूट आणि फिझी या फिझकोच्या शुभंकराचे फुगे गोळा करायचे. काम तेच, कष्ट तेच.

स्पायडर-मॅनला मेटाक्रिटिकवर ८७ मिळाले. तिथेही समीक्षकांनी कंटाळवाण्या कामांचा उल्लेख केला, पण पदरात घालून घेतलं. कबुतरं माफ, फुगे गुन्हा!

स्पायडर-मॅन बनवला कुणी? त्याच इन्सोम्नियाकने.

शहराच्या अंगाखांद्यावर खेळण्याचं जे कसब २०१४ च्या गेममध्ये दिसलं, तेच कसब चार वर्षांनी जाळ्यावर झोके घेत मॅनहॅटनवर उतरलं. पाय जमिनीला लावू नका, एका उडीतून दुसरी काढा, लढाई आणि प्रवास यांच्यात फट ठेवू नका. दोन्ही गेम खेळलेल्या माणसाच्या बोटांना हे नातं लगेच कळतं. पहिल्या तीन दिवसांत स्पायडर-मॅनच्या ३३ लाख प्रती खपल्या. ओळखीचा मुखवटा चढवला आणि कौतुकाचा बांध फुटला.

हात तेच होते. पूर्वी फक्त कपडे रंगीत होते.

आता विनोदाकडे येऊ. ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ सतत बोलतो. नायकाला आपण गेममध्ये आहोत हे ठाऊक आहे आणि तो ते वारंवार सांगतो. तो इतर गेमांची, सिनेमांची, मिशन देणाऱ्यांची खिल्ली उडवतो. कुणी खो खो हसलं, कुणी म्हणालं फार आटापिटा चाललाय. दोघंही प्रामाणिक होते.

मग यांची सरासरी काढायची कशी?

हसणाऱ्याने ९ दिले, न हसणाऱ्याने ७. सरासरी ८. या आठात कोण बसतं? अर्धवट हसलेला माणूस. असा माणूस त्या समीक्षांमध्ये शोधूनही सापडत नाही. सरासरीने एक वाचक तयार केला, जो अस्तित्वातच नाही, आणि त्याच्या मतावर हजारो लोकांनी ६० डॉलर खर्चायचे की नाही ते ठरवलं.

शिवाय विनोद किती वेळ कानावर पडतो, यालाही महत्त्व आहे. समीक्षकाला गेम मुदतीत संपवायचा असतो. तो तासन्‌तास बसतो, एकामागून एक मिशन उरकतो. बडबड्या नायक सलग आठ तास ऐकला तर कुणाचंही डोकं उठेल. घरचा खेळाडू रात्री जेवण आटोपून तासभर खेळतो. त्याला तोच विनोद ताजा लागतो.

हा फरक समीक्षेत लिहायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी कुठे आहेत?

आळसाचा आणखी एक नमुना. ‘टोनी हॉक’ अधिक ‘जेट सेट रेडिओ’ अधिक ‘रॅचेट अँड क्लँक’, झाला तयार ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’. गेमची ओळख करून द्यायची ही पद्धत वाचायला सोपी आणि लिहायला त्याहून सोपी. ज्याने ते तिन्ही खेळले नाहीत, त्या वाचकाला काय कळलं? आणि ज्याने खेळले आहेत, त्याला तरी नवं काय मिळालं?

बेरीज झाली. वर्णन राहिलं.

तिसरा नमुना चित्राचा. हा गेम ९०० रेषांच्या चित्रात चालतो, १०८० च्या नाही. २०१४ मध्ये एक्सबॉक्सचे आणि प्लेस्टेशनचे पाठीराखे या आकड्यांवरून एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. सनसेट सिटीचं आकाश कोणत्या रंगाचं आहे हे न सांगता आकाशात किती ठिपके आहेत ते मोजत बसणारा रसिक कसला?

आता कथेची तक्रार. कथा पातळ आहे, गंभीर नाही, खोली नाही, असा सूर अनेकांनी लावला. ठीक. पण कथा कशाबद्दल आहे? पुरेशी चाचणी न करता माल बाजारात ढकलणाऱ्या कंपनीबद्दल. आधी जल्लोष, मग गोंधळ, मग सारवासारव.

गेम येऊन पुरते दोन आठवडे झाले, आणि ११ नोव्हेंबर उजाडला.

त्या दिवशी युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ अमेरिकेत विक्रीला आला. समीक्षकांवर बंधन होतं, त्या दिवशी दुपारी बारापर्यंत अवाक्षर छापायचं नाही. मध्यरात्री दुकानं उघडली, लोकांनी पैसे मोजले आणि मग दुपारी समजलं की गेममध्ये माणसांचे चेहरेच गायब होतायत, नुसते डोळे आणि दात हवेत तरंगतायत. पुढे कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि ‘डेड किंग्ज’ हा जोडभाग फुकट द्यावा लागला.

त्याच ११ नोव्हेंबरला खुद्द मायक्रोसॉफ्टचं ‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’ आलं. चार मोठे गेम एका डब्यात, आणि ऑनलाइन खेळायला जोडीदारच मिळेना. कित्येक आठवडे दुरुस्त्या चालल्या. इथेही माफीनामा आलाच.

फिझको नावाची कंपनी खोटी होती. तिचा धंदा मात्र खरा निघाला.

ज्या कथेला पातळ म्हटलं, तिने आपल्याच उद्योगाचं नोव्हेंबर महिन्याचं वर्णन ऑक्टोबरात करून ठेवलं होतं. कारखान्याच्या आतल्या माणसांनीच ती लिहिली होती. हसत सांगितलं म्हणून ते कुणाला ऐकू आलं नाही का?

‘युनिटी’ पॅरिसमध्ये घडतो, फ्रेंच राज्यक्रांतीत. गिलोटिन आहे, इतिहास आहे, गंभीर चेहरे आहेत. निदान ते चेहरे दिसत होते तेव्हा तरी गंभीर होते. गंभीर विषय घेतला की काम गंभीरपणे केलंय असा समज होतो. हा समज महाग पडतो.

इन्सोम्नियाकला तर त्याची किंमत आधीच मोजावी लागली होती.

१९९४ मध्ये सुरू झालेला हा स्टुडिओ. ‘स्पायरो’चा जांभळा ड्रॅगन यांचाच, ‘रॅचेट अँड क्लँक’ यांचाच. रंग आणि खट्याळपणा हीच त्यांची ओळख. मग २००६ मध्ये ‘रेझिस्टन्स’ आला आणि तेही करड्या युद्धात उतरले. २०११ मध्ये ‘ओव्हरस्ट्राइक’ नावाच्या गेमची झलक त्यांनी दाखवली. चार भन्नाट हेर, एकमेकांना टोमणे, रंगीत पडदा. लोक खूश झाले.

पुढच्या वर्षी तोच गेम ‘फ्यूज’ या नावाने परत आला. टोमणे आटले, रंग उतरले, चेहरे कडक झाले. का? बाराएक वर्षांच्या पोरांना दाखवला तेव्हा त्यांना तो धाकट्या भावाचा खेळ वाटला, असं कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितलं. मग त्याला मोठा केला.

२०१३ मध्ये ‘फ्यूज’ आला आणि समीक्षकांनी त्याला साठीच्या घरात बसवला. तक्रार काय? गेमला स्वतःचा चेहराच नाही!

चेहरा होता की. घासून घासून काढला होता.

म्हणून ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’चा भडकपणा मला बेफिकिरीचा वाटत नाही. एकदा घाबरून रंग पुसलेल्या माणसांनी पुन्हा सगळे डबे उघडले, हे धाडस होतं. त्यातही त्यांनी गेमचे हक्क स्वतःकडे ठेवण्याची अट घातली आणि मायक्रोसॉफ्टने ती मानली. मोठ्या प्रकाशकांच्या धंद्यात हे सहसा घडत नाही. समीक्षेच्या तराजूत मात्र धाडसाला वजन नसतं.

तराजूबद्दलच बोलायचं तर तो कसा चालतो ते पाहा. मेटाक्रिटिक प्रत्येक समीक्षेला सारखं वजन देत नाही. कुणाच्या मताला किती वजन, हे ते सांगतही नाहीत. आणि अशा बंद खोलीत तयार झालेल्या आकड्यावर माणसांचे पगार ठरतात.

अतिशयोक्ती वाटते? २०१० चा ‘फॉलआउट: न्यू वेगास’ घ्या. बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस हवा असेल तर मेटाक्रिटिकवर ८५ हवे होते. पडले ८४. बोनस गेला. हे स्टुडिओच्याच एका वरिष्ठाने नंतर उघड सांगितलं. आज तो गेम लोक डोक्यावर घेऊन नाचतात.

नाचण्याचा बोनस मिळत नाही.

आणि वाचक? तोही धुतल्या तांदळाचा नाही. २०१३ मध्ये ‘जीटीए फाइव्ह’ला एका समीक्षिकेने दहापैकी ९ दिले आणि त्यातल्या स्त्रीद्वेषाबद्दल चार शब्द लिहिले. तिला नोकरीवरून काढा म्हणून याचिका निघाली. वीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या. नऊ गुण कमी पडले म्हणून!

अशा वाचकांसमोर कोण समीक्षक मोकळेपणी लिहील? तो आकडा सांभाळून टाकणार. प्रत्येक कौतुकाला एक ‘पण’ जोडून ठेवणार. समीक्षक भित्रा झाला, त्यात आपलाही हात आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनच्या युरोगेमर या संकेतस्थळाने दहापैकी गुण देणंच थांबवलं. आकड्यापेक्षा मजकूर वाचा, असा आग्रह धरला. स्वागत झालं, टाळ्या पडल्या. २०२३ मध्ये त्यांनीही पाच ताऱ्यांचा रस्ता धरला. आकड्याची चटक सुटणं इतकं अवघड असतं.

मग आपल्याकडे काय?

आपल्याकडे समीक्षेची परंपरा जुनी आहे. नाटकाची समीक्षा लिहिताना आपले लोक अभिनयाबरोबर नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत यांचा स्वतंत्र विचार करतात. गेमची बातमी मात्र येते ती व्यसनाची, बिघडलेल्या डोळ्यांची नाहीतर बंदीची. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा गावोगावच्या पानांवर गेम झळकला.

त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्ट २०२० मध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ जगासमोर आला. प्राचीन भारतातली एक मुलगी, हरवलेला भाऊ, देव आणि असुर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बनलेल्या या गेमचं कसून केलेलं मराठी परीक्षण कितीजणांनी वाचलं?

पबजीची बंदी मात्र सगळ्यांना पाठ आहे.

आणि आता तर आपल्याही पानांवर तारे आलेत. सिनेमाला साडेतीन, नाटकाला चार. पाचशे शब्द लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की वाचकाची नजर आधी ताऱ्यांवर जाणार. गेमची समीक्षा मराठीत रुजेल तेव्हा तीही ताऱ्यांपासूनच सुरू होणार असेल, तर इतरांच्या दहा वर्षांच्या चुका आपण आयत्या विकत घेऊ.

‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’चं पुढे काय झालं? नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पीसीवर आला. ऑगस्ट २०१९ मध्ये सोनीने इन्सोम्नियाक अख्खा विकत घेतला, २२ कोटी ९० लाख डॉलर मोजून. स्टुडिओबरोबर त्या गेमचे हक्कही सोनीच्या घरात गेले. मालक सोनी, जुना गेम मिळणार मायक्रोसॉफ्टच्या दुकानात. प्लेस्टेशनवर तो काही आला नाही.

दुसरा भागही आला नाही.

त्याचा दोष एकट्या समीक्षकांच्या माथी मारणं अन्याय होईल. एक्सबॉक्स वन प्लेस्टेशन फोरच्या मागे पडला होता, हिवाळ्यात मोठ्या नावांची गर्दी होती, आणि नंतर स्पायडर-मॅनने स्टुडिओचे हात भरून टाकले. पण ‘साधारणपणे अनुकूल’ या शिक्क्यावर दुसऱ्या भागासाठी कोट्यवधी डॉलर मागायला कुठल्या तोंडाने जाणार?

इथे समीक्षेचं खरं काम येतं. बाजार आकडा वाचतो, म्हणून समीक्षकाने आकड्यात न मावणारं लिहायला हवं. तारेवरून घसरताना बोटांना काय कळलं? पहिल्यांदा मोटारीच्या टपावरून चौथ्या मजल्यावर पोचलात तेव्हा तोंडातून काय निघालं? कोणत्या विनोदाला हसलात, कोणता डोक्यात गेला, आणि का? एवढं लिहिलं की वाचक आपला निर्णय आपण घेतो. तो दूधखुळा नाही.

विनोदाला कमी लेखण्याचं तर कारणच काय? रडवणारा गेम थोर आणि हसवणारा टाइमपास, हा नियम कुणी केला? हसवणं अवघड आहे. वेळ एका क्षणाने चुकली की विनोद मरतो. आणि गेममध्ये ती वेळ खेळणाऱ्याच्या हातात असते, लेखकाच्या नाही. समोरचा कधी उडी मारेल, कधी मरेल, कधी वळून परत येईल, काही ठाऊक नसताना त्याला हसवायचं! या कसबाला ‘हलकंफुलकं’ म्हणून बोळवण्यात शहाणपण कसलं?

२०११ च्या ‘पोर्टल टू’ला ९५ मिळाले होते आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत विनोदी आहे. म्हणजे समीक्षकांना विनोद कळतो. पांढऱ्या स्वच्छ प्रयोगशाळेत, कोरड्या आवाजात, बुद्धीला गुदगुल्या केल्या की कळतो. भडक कपडे घालून, ओरडून केला की त्यांना शेजाऱ्यांची लाज वाटते. हा निवाडा विनोदाचा झाला की पोशाखाचा?

तेव्हा पुढच्या वेळी एखादा रंगीत, खट्याळ, खुल्या शहरातला गेम येईल आणि त्याच्या नावापुढे आकडा लटकत असेल, तेव्हा तो आकडा अंगठ्याने झाका. खालचा मजकूर वाचा. त्यात पात्र कसं पळतं, कसं वळतं, पडल्यावर कसं उठतं हे लिहिलं असेल तर त्या समीक्षकाचं नाव लक्षात ठेवा आणि त्याचं पुढचं लिखाणही वाचा. असे लोक थोडे आहेत, त्यांना वाचक हवेत.

आणि त्यात नुसती इतर गेमांची नावं, ठिपक्यांची संख्या आणि शेवटी एक दशांश चिन्ह असेल, तर दहा मिनिटं स्वतः खेळून बघा. तुमची बोटं जास्त खरं बोलतील.